इको जास्त झालाय

आमच्या भागात नुसतं ‘पारगाव’ सांगून भागत नाही. जुन्नर तालुक्यात पारगाव आहे, शेजारच्या आंबेगावातही आहे. म्हणून सातबाऱ्यावर पारगाव तर्फे आळे, पारगाव तर्फे अवसरी, पारगाव तर्फे खेड अशी शेपटं जोडलेली असतात. तर्फ म्हणजे जुना महसुली विभाग. तो कधीच गेला, शेपूट राहिलं. आमचं पारगाव आळ्याकडचं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शेतीपंपाची लाइट रात्रीच्या पाळीची होती आणि कांद्याला पाणी द्यायचं होतं. उसाच्या पट्ट्यात रात्री एकट्यानं रानात जायचे दिवस आता राहिले नाहीत. बिबट्या काही सांगून येत नाही. त्यामुळे दोघंतिघं मिळून जातात, हातात बॅटरी असते आणि खिशातल्या मोबाइलवर गाणी चालू असतात, शक्य तितक्या मोठ्यानं. या गाण्यांचा एक अलिखित संकेत आहे: हलगी हवी, ढोलकी हवी, निदान वरातीतलं काहीतरी हवं. गाणं चांगलं असण्याची सक्ती नाही, दांडगं असण्याची आहे.

त्या रात्री पुण्याला शिकणारा माझा पुतण्या सुट्टीवर आलेला होता. त्यानं मोबाइल बांधावर ठेवला आणि जे लावलं ते हलगीच्या पार दुसऱ्या टोकाचं होतं. गिटारी होत्या, पण तारेवर बोट पडल्याचा आवाज कुठेच नव्हता. धुक्यातून लांबची गाडी दिसावी तसे सूर येत होते. त्यांच्या मागे एक बाई आणि एक पुरुष गात होते, की नुसते श्वास सोडत होते, ते नीटसं कळत नव्हतं.

चुलते बांधावर घोंगडी पांघरून बसले होते. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. तरुणपणी एकही जत्रा आणि एकही फड न चुकवलेला माणूस. दोन गाणी त्यांनी गप्प ऐकली. मग म्हणाले, “आरं, ही बाई तंबूच्या भाईर उभी राहून गातीये का?” थोड्या वेळानं त्यांनी निकाल दिला, “इको लई जास्त झालाय.”

पुतण्या हसला. मला मात्र तो निकाल डोक्यातून काढता येईना. या अल्बमवर तीस वर्षांत जे जे बोललं गेलंय, ते मी नंतर शोधून शोधून वाचलं. आबांच्या दोन वाक्यांइतकं नेमकं त्यात फार थोडं सापडलं.

अल्बमचं नाव ‘सुव्लाकी’. तो मे १९९३ मध्ये इंग्लंडात निघाला. बँडचं नाव स्लोडाइव्ह. लंडनच्या पश्चिमेला रेडिंग नावाचं शहर आहे, तिथली ही पोरं. त्यातले नील हॉलस्टेड आणि रेचल गॉसवेल लहानपणापासून एकमेकांना ओळखणारे. दोघंही गातात, दोघंही गिटार वाजवतात. १९८९ मध्ये बँड जमला आणि १९९१ मध्ये पहिला अल्बम निघाला, तेव्हा विशी जेमतेम गाठली होती. सुव्लाकी हा खरं तर ग्रीक खाण्याचा पदार्थ, सळईवर भाजलेलं मांस. टेलिफोनवरून लोकांची टिंगल करणाऱ्या एका अमेरिकी विनोदी रेकॉर्डमधून त्यांनी हा शब्द उचलला. इतक्या उदास अल्बमला असं नाव म्हणजे विरहगीताला ‘मिसळपाव’ म्हणण्यासारखं झालं.

ज्या संगीतप्रकाराला ‘शूगेझ’ म्हणतात, त्यातला हा अल्बम. शूगेझ म्हणजे बुटांकडे बघत बसणं. हे नाव कौतुकानं पडलेलं नाही. एका बँडचा गायक मंचावर जमिनीला चिकटवलेल्या कागदावरून गाण्याचे शब्द वाचत होता, त्यावरून एका इंग्रजी साप्ताहिकात टिंगल झाली आणि ती चिकटली. पण खाली बघण्याचं खरं कारण वेगळंच आहे. या वादकांच्या पायाशी धातूच्या डब्यांची रांग असते. एक डबा आवाज फाडतो, एक त्याची पुनरावृत्ती करतो, एक त्याला मोठ्या रिकाम्या देवळात नेऊन ठेवतो. कोणता डबा कधी दाबायचा हे पायानं ठरतं, म्हणून नजर पायाकडे. आपल्या पेटीवाल्याचा भाता जसा एका हाताला कायमचा गुंतवून ठेवतो, तसाच हा प्रकार.

इंग्रजी श्रोत्यांना हे आधी आवडलं, मग दोनच वर्षांत नकोसं झालं. ‘सुव्लाकी’ आला तेव्हा वारं फिरलेलं होतं. ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकाच्या डेव्ह सिम्प्सन या समीक्षकानं लिहिलं, की हा अल्बम पुन्हा ऐकण्यापेक्षा लापशीनं भरलेल्या टबात गुदमरून मेलेलं परवडेल. दुसऱ्या एका बँडचा गिटारवादक तर म्हणाला होता, की आम्ही हिटलरपेक्षा स्लोडाइव्हचा जास्त द्वेष करू. हिटलर! चार शांत पोरं, एक शांत मुलगी आणि त्यांची गिटार यांच्यावर एवढा राग कशाचा?

रागाची कारणं तेव्हाच्या लिखाणात स्पष्ट दिसतात. ही मध्यमवर्गीय घरांतली सुखवस्तू मुलं. यांना सांगायला काही नाही, म्हणून ती आवाजाचा पडदा लावतात. मंचावर काही घडत नाही. आणि सगळ्यांत मोठी तक्रार: शब्द कळत नाहीत.

ही शेवटची तक्रार मराठी कानाला परकी नाही. उलट ती आमचीच वाटावी इतकी ओळखीची आहे. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं आणि पुढच्या एप्रिलपर्यंत छप्पन्न गाणी झाली. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल. त्यातलं एकेक अक्षर शिंपल्यातून काढल्यासारखं स्वच्छ येतं. मराठी मध्यमवर्गाचा कान त्या वर्षभरात घडला असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. सुधीर फडक्यांच्या उच्चारांची वाखाणणी अजूनही चालू असते आणि नव्या गायकाबद्दल पहिला प्रश्न हाच असतो, ‘शब्द नीट येतात का?’ भावगीत ऐकणाऱ्या मराठी माणसाला शब्द बुडवणारा गायक म्हणजे मीठ विसरलेला आचारी.

तमाशाचा कान याहून कडक. आमच्याजवळचं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येतात, जत्रेची सुपारी ठरते. याच नारायणगावचं नाव विठाबाई नारायणगावकरांनी महाराष्ट्रभर नेलं. १९५७ आणि १९९० अशी दोनदा त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते दाद मिळाली. दिवस भरलेले असताना त्या नाचल्या, कनातीमागे बाळंत झाल्या आणि पुन्हा मंचावर आल्या, ही हकिगत आमच्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असते. त्या परंपरेतला आवाज कशासाठी घडलेला आहे? कनातीच्या शेवटच्या बांबूला टेकून उभ्या असलेल्या माणसासाठी. त्यानं तिकीट काढलंय, तो आठ कोस चालून आलाय, त्याला सवाल कळला पाहिजे आणि जवाबही. समोर कर्णा नव्हता तेव्हाही कळला पाहिजे होता. म्हणून तो आवाज उंच, धारदार, थोडा कर्कश म्हणा हवं तर. आबांचा कान त्या बांबूपाशी तयार झालेला आहे. तिथून ऐकणाऱ्याला रेचल गॉसवेल तंबूबाहेरच वाटणार.

आता दुसरा निकाल, इकोचा. रिव्हर्ब, डिले, एखाद्या जुन्या यामाहा यंत्रातला अमुक नंबरचा आवाज, यावर शूगेझचे भक्त तासन्‌तास वाद घालतात. हे सगळं आमच्या मंडपवाल्याला पन्नास वर्षं एका शब्दात माहीत आहे: इको. आहुजाचा ॲम्प्लिफायर, दोन कर्णे आणि इकोची मशीन. लग्नात ‘वधूच्या मामांनी वधूला मंडपात आणावे-वे-वे’ असं जे ऐकू येतं, ते त्या मशीनचं काम. त्यानं बोलणाऱ्याचा आवाज मोठा होतो असं नाही, पण तो मोठ्या जागेत उभा आहे असं वाटायला लागतं. चार पत्र्यांचा मांडव आणि आवाज मात्र जेजुरीच्या गडावरून आल्यासारखा. ऑर्केस्ट्रावाले, बेंजोवाले, कीर्तनाचा माइक लावणारे, सगळ्यांची त्या बटणावर माया. म्हणजे इको आम्हाला चालतो. आमची अट एवढीच की तो माणसावर असावा, माणूस त्यात बुडू नये. स्लोडाइव्हनं नेमकी तीच अट मोडली.

ती जाणूनबुजून मोडली, की सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून? इथे समीक्षकांशी माझं जमत नाही. हा अल्बम बनत असताना हॉलस्टेड आणि गॉसवेल यांचं एकमेकांशी असलेलं नातं तुटलं होतं. बँडनं आधी चाळिसेक गाणी रचली होती, ती क्रिएशन या कंपनीच्या ॲलन मगीनं एकजात नाकारली. हॉलस्टेड वेल्समधल्या एका लहानशा घरात जाऊन एकटा राहिला आणि नवी गाणी घेऊन परतला. मग ज्या मुलीपासून तो वेगळा झाला होता, तिच्याच शेजारी उभं राहून ती गाणी त्यानं गायली. अशा वेळी शब्द थोडे झाकून ठेवावेसे वाटले, तर त्याला पोकळपणा म्हणायचं? आपल्याकडेही घरात भांडण झाल्यावर माणसं भांड्यांचा आवाज जरा जास्तच करतात.

ब्रायन ईनो हा ध्वनीतला मोठा जादूगार. अल्बमची निर्मिती करा अशी या पोरांनी त्याला गळ घातली. त्यानं ती मानली नाही, पण दोन गाण्यांत किबोर्ड वाजवून दिला. एकूण दहा गाणी, साधारण चाळीस मिनिटं. माझं मत विचाराल तर पहिल्या अर्ध्यात दोनेक गाणी रेंगाळतात. लापशीवाला समीक्षक तेवढ्यापुरता बरोबर आहे. ‘सुव्लाकी स्पेस स्टेशन’मध्ये गाणं असं जवळपास नाहीच. पण सातवं, ‘व्हेन द सन हिट्स’, सुरू झालं की सगळं माफ होतं. ते हळू हळू भरत जातं, धरणाची पातळी चढावी तसं, आणि एका क्षणी दारं उघडतात.

या घराण्याचा थोरला भाऊ म्हणजे माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा ‘लव्हलेस’. तो नोव्हेंबर १९९१ मध्ये निघाला. दोन वर्षं आणि एकोणीसेक स्टुडिओ खाऊन तो तयार झाला. या खर्चानं क्रिएशनचं दिवाळं निघायची वेळ आली, अशी आख्यायिका आहे. त्यांचा केव्हिन शील्ड्स गिटारच्या ट्रेमोलोचा दांडा हातात धरून ठेवतो आणि छेडता छेडता सतत हलवतो, त्यामुळे सूर एका जागी बसतच नाही. दारू न पिता घर डुलायला लागतं. गायिका बिलिंडा बुचरनं एक मजेशीर गोष्ट सांगितली आहे: तिचं गाणं बऱ्याचदा सकाळी साडेसातच्या सुमाराला ध्वनिमुद्रित व्हायचं, नुकताच डोळा लागलेला असायचा आणि तिला उठवून गायला लावायचे. झोपेतला आवाज हवा म्हणून खरंच झोपेतून उठवायचं, याला म्हणतात रियाज!

‘लव्हलेस’चा मला आदर वाटतो, ‘सुव्लाकी’वर जीव आहे. दोन्ही एकत्र ऐकल्यावर कळतं की ही मंडळी आवाज दडवत नव्हती, आवाजाचा पत्ता बदलत होती. तमाशातला गळा शेवटच्या बांबूसाठी असतो. हा गळा उशीच्या पलीकडे जायलाच नको म्हणतो. ऐकणारा एकटा आहे, कानाशी आहे, त्याला ओरडून सांगायची गरज नाही, असं धरून तो गातो. १९९३ च्या समीक्षकांनी हे मंचासमोर उभं राहून तोललं. त्यांना बुटांकडे बघणारी पोरं दिसली आणि राग आला. तंबूबाहेर उभं राहून गाणाऱ्या बाईचं गाणं तंबूत बसून कसं ऐकायचं?

आता आपल्या परंपरेवर थोडा अन्याय होतोय. शब्द विरघळवण्याची कला आमच्याकडे नव्हती असं नाही. ख्यालात दोन ओळींची बंदिश तासभर चालते आणि तिचे शब्द किती जणांना कळतात? किशोरीताई आमोणकर तर स्वर हाच अर्थ, असंच मानत आल्या. तंबोऱ्याचं उदाहरण आणखी नेमकं. मिरजेचा कारागीर घोडीवर तारेखाली एक बारीक दोरा सरकवतो, तो योग्य जागी बसला की जवारी खुलते आणि एका तारेतून सुरांचं धुकं उठतं. विजेची यंत्रं येण्याआधी कित्येक पिढ्या तो दोरा तेच काम करत होता. तमाशातही झीलकरी असतात. मुख्य गाणाऱ्याचा शेवटचा सूर उचलून ते ‘जी जी रं जी’ करत तो लांबवतात, तिथे शब्द संपलेले असतात. आणि संध्याकाळचा हरिपाठ? पन्नास टाळांच्या आवाजात शब्द पूर्ण बुडतात, पण कुणाची तक्रार नसते, कारण ते सगळ्यांना पाठ असतात. शूगेझचं अवघड दुखणं इथे आहे. शब्द बुडालेले आहेत आणि पाठही कुणाला नाहीत.

शेजारच्या आळे गावात रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्ञानदेवांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, तोच हा रेडा, अशी श्रद्धा आहे. चैत्रात तिथे यात्रा भरते. लहानपणी मला नेहमी प्रश्न पडायचा, की वेद ऐकले ते ठीक, पण शब्द किती स्पष्ट आले असतील? आता वाटतं, पैठणच्या विद्वानांना जे बसलं ते स्पष्टपणामुळे नसावं.

आणि दुसऱ्या बाजूला खोडद. तिथली प्रचंड दुर्बीण म्हणजे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पैकी चौदा जवळजवळ आणि बाकीच्या तीन बाजूंना मिळून पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात विखुरलेल्या. अवकाशातल्या अतिक्षीण रेडिओलहरी माणसांच्या गोंगाटातून वेगळ्या काढायच्या, हे तिचं काम. स्पंदक ताऱ्यांची टिकटिकही ती टिपते. माझ्या पुतण्याकडे एक काळा टी-शर्ट आहे, त्यावर पांढऱ्या नागमोडी रेघांचे डोंगर छापलेले आहेत. तो त्यानं डिझाइन आवडलं म्हणून घेतला. त्या रेघा म्हणजे १९६७ मध्ये सापडलेल्या पहिल्या स्पंदक ताऱ्याचे ठोके. जॉय डिव्हिजन या बँडनं १९७९ मध्ये त्या आपल्या अल्बमवर छापल्या. मगीनं नाकारलेली ती चाळीस गाणी याच बँडच्या छायेतली होती म्हणतात. खोडदच्या तबकड्या दिसतात त्या रस्त्यानं हा पोरगा तो टी-शर्ट घालून फिरतो.

स्लोडाइव्हचं पुढे काय झालं? १९९५ मध्ये तिसरा अल्बम आला आणि आठवडाभरात कंपनीनं त्यांना काढून टाकलं. बँड मोडला. वीस वर्षं कुणी विचारलं नाही असं वरवर दिसत होतं, पण आत काहीतरी मुरत होतं. २०१४ मध्ये ते बार्सिलोनाच्या महोत्सवात पुन्हा उभे राहिले. २०१७ मध्ये नवा अल्बम आला. २०२३ चा ‘एव्हरीथिंग इज अलाइव्ह’ इंग्लंडात पहिल्या दहांत गेला. ‘सुव्लाकी’ला त्या काळी पहिल्या पन्नासातही जागा मिळाली नव्हती. २०१६ मध्ये ‘पिचफोर्क’नं शूगेझचे सर्वोत्तम पन्नास अल्बम निवडले, त्यात ‘लव्हलेस’ पहिला आणि लापशीचा टब दुसरा. आता त्यांच्या कार्यक्रमांना येणारी बरीच गर्दी अल्बम निघाला तेव्हा जन्मलेलीही नव्हती.

गाणी तीच, मग मत कशानं फिरलं? माझ्या मते इयरफोननं. ऐकण्याची जागा तंबूतून कानात आली आणि बाई आपोआप तंबूच्या आत आली. आमच्या गावातही हा बदल इंग्रजी गाण्यांतून आलेला नाही. पोरांच्या मोबाइलवर हिंदी-मराठी गाण्यांचे ‘स्लोड अँड रिव्हर्ब’ अवतार असतात: गाणं हळू केलेलं, इको चढवलेला, गायक विहिरीतून गातोय असा. ही युक्ती अमेरिकेतल्या ह्यूस्टनची. नव्वदच्या दशकात तिथला डीजे स्क्रू कॅसेटवर गाणी हळू करून विकायचा. नंतर त्याच शहरात त्यात रिव्हर्ब मिसळला गेला. आता ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर हलगी वाजते आणि त्याच ड्रायव्हरच्या कानात रात्री विहिरीतला गायक असतो. पुतण्याला ‘सुव्लाकी’ सापडला तो याच विहिरीच्या काठानं. मुंबईत जानेवारी २०२३ च्या लोलापलूझा महोत्सवात सिगारेट्स आफ्टर सेक्स हा असाच पुटपुटणारा बँड महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर वाजवून गेला. हजारोंच्या गर्दीसमोर कुजबुजायचं, यातला विरोधाभास आता कुणाला खटकतही नाही.

माझ्या घरात मात्र मतं काही एक झाली नाहीत. आई म्हणाली, झोप येते, आणि ती तक्रार नव्हती. भावाला ते मोटर जळताना येणाऱ्या आवाजासारखं वाटलं. बिबट्याचं मत कळलं नाही, पण त्या रात्री तो आला नाही एवढं खरं.

त्या रात्री अल्बम संपत आला तेव्हाच लाइट गेली. मोटर थांबली, पाटातलं पाणी बसलं, आणि इतका वेळ तिच्या घरघरीत अर्धं बुडालेलं गाणं एकदम उघडं पडलं. दहावं गाणं होतं, ‘डॅगर’. त्यात जवळजवळ इकोच नाही. एक साधी गिटार आणि हॉलस्टेडचा आवाज, शेजारी बसून सांगितल्यासारखा. आबांनी घोंगडीतून मान बाहेर काढली.

“हे बरंय,” ते म्हणाले. “आला आत.” मग पुतण्याला विचारलं, “काय म्हणतोय त्यो?”

पुतण्यानं तोंड उघडलं आणि तो थांबला. वर्षभर हे गाणं ऐकत होता, पण शब्दांकडे कधी गेलाच नव्हता.

“थांबा आबा,” तो म्हणाला, “परत लावतो.”

गाणं निम्म्यावर आलं असेल, एवढ्यात लाइट आली. मोटर धडधडली आणि आबा खोरं घेऊन वाफ्याकडे निघाले.